चिमटीतलं तेल

त्या दुपारी मी ह्यांच्या हातात चहाचा स्टीलचा पेला दिला, आणि दिल्यावर लक्षात आलं की चहा गॅसवरून थेट ओतलाय. मी स्वतः पेला फडक्यात गुंडाळून धरला होता. हे मात्र तो उघड्या बोटांत घट्ट धरून उभे राहिले आणि रस्त्यावरून कुणाची गाडी गेली म्हणून मान लांब करून बघत बसले. ना हूं, ना चूं. मी म्हटलं, "अहो, भाजत नाही का?" तेव्हा कुठं त्यांनी पेल्याकडं बघितलं आणि घाईघाईनं हाय हाय करत तो कट्ट्यावर ठेवला. ते हाय हाय फारच उशिरा आलं.

मी त्यांचा हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक लालबुंद झालं होतं. शेजारी एक जुना फोड फुटून वाळला होता आणि त्यात काळं तेल मुरलं होतं.

"हा फोड कधीचा?"

"कुठला फोड?" असं म्हणून हे स्वतःच्याच बोटाकडं शेजाऱ्याचं असल्यासारखं बघायला लागले.

आता ह्या बोटांचं मोल सांगते, म्हणजे मी का घाबरले ते कळेल. आमचे हे गाड्या दुरुस्त करतात. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्यांचं घर, मध्ये एक दार आणि माझ्या ओट्यासमोरची एक खिडकी. गॅरेजमधलं मला सगळं ऐकू येतं आणि माझं बोलणं गॅरेजला. ह्यांना सगळा रस्ता 'चिमटी' म्हणतो. इंजिनातली तेलाची पट्टी बाहेर काढायची, टोकाचा थेंब चिमटीत धरून चोळायचा, बोटं हळूच उघडायची आणि सांगायचं: हे दाट, हे पातळ, हे जळालंय, ह्यात पेट्रोल उतरलंय. लोकांनी डोळ्यांवर फडकं बांधून परीक्षा घेतल्या. हे कधी चुकले नाहीत. त्याचा त्यांना भारी गर्व, आणि तो गर्व लग्नापासून माझ्या डोक्यावर बसलेला.

त्या गर्वापायीच आमच्याकडं तेलाच्या किटल्यांवर नावं नाहीत. तेल पिंपानं येतं, मागच्या खोलीत राहतं, आणि रोजच्या वापरासाठी मी ते दोन किटल्यांत काढून देते. एकीत दाट, एकीत पातळ. किटल्या अगदी जुळ्या बहिणी. मी कितीदा म्हटलं, निदान एक चिठ्ठी तरी चिकटवा. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

पण हे जुन्या वळणाचे, नव्या गाड्यांचं त्यांना काही कळत नाही, असं कुणी समजू नये. उलट नव्या गाडीत पातळच तेल घालायचं म्हणून हे गिऱ्हाइकांशी भांडलेत. समोर राहणारा टॅक्सीवाला, त्याला आम्ही भोंगा म्हणतो कारण त्याला हळू बोलताच येत नाही, तो दरवेळी ओरडायचा, "चिमटी, दाट घाल. पातळ तेल म्हणजे पाणी घातलेलं दूध." हे त्याला समजावायचे. पूर्वीच्या इंजिनात सुटे भाग सैल असायचे, फटी मोठ्या, तिथं दाट तेल लागायचं. आताच्या इंजिनात तेलाच्या वाटा केसासारख्या बारीक. डब्यावर दोन आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो, थंडीत तेल किती चटकन धावेल. नंतरचा सांगतो, तापल्यावर किती अंग धरून राहील. गाडीच्या पुस्तकात शून्य डब्ल्यू वीस लिहिलंय ना, मग तेच घालायचं. वीस डब्ल्यू पन्नास घालून स्वतःची अक्कल पाजळायची नाही. "इंजिन बनवणारा येडा नाही," हे म्हणायचे, "येडे आपण." भोंग्याला शेवटी पटलं. त्याची नवी टॅक्सी पातळ तेलावरच चालते.

तर अशी ती बोटं. मी म्हटलं, "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हणते ना."

हे कुरकुरले, पण मिटले. मी ओट्यावरच्या भांड्यातलं पाणी त्यांच्या बोटाला लावलं आणि म्हटलं, "सांगा, दाट की पातळ." ह्यांनी चिमटी धरली, चोळली, हळूच उघडली. पुन्हा चोळली. कपाळावर आठी आली. मग म्हणाले, "दाट."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि माझं असं आहे की दोन्ही एकदम आलं की राग पुढं धावतो. "पाणी आहे ते," मी म्हटलं. "नळाचं पाणी. कधीपासून चाललंय हे?"

ह्यांना साखर आहे. डॉक्टरनं मागंच बजावलं होतं, पाय सांभाळा, बोटं सांभाळा, बधिर व्हायला लागली तर लगेच या. हे गेले नाहीत. मला म्हणाले होते, सगळं ठीक आहे. मोडेन पण वाकणार नाही, असलं खोड.

"उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून," शेवटी पुटपुटले. "आधी नुसत्या मुंग्या यायच्या. आता काहीच येत नाही. पण काम अडलं नाही माझं. झाकली मूठ..."

"सव्वा लाखाची. माहीत आहे. काल बबडीच्या गाडीत कुठलं तेल घातलंत?"

बबडी म्हणजे आमची लेक. जनावरांची डॉक्टर झाली. घाटापलीकडच्या मेंढ्यांच्या केंद्रावर तिची नेमणूक झाली होती आणि त्याच सकाळी ती स्वतःच्या गाडीनं निघाली होती. छोटीच गाडी, पण नव्या धाटणीची, टर्बोवाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी बापानं हौसेनं तेल बदलून दिलं होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

"पातळ," हे म्हणाले. "तेवढं कळतं मला. डावीकडची किटली."

"डावीकडची म्हणजे?"

"पातळ डावीकडं असते, दाट उजवीकडं. मी जागेवरून ओळखतो हल्ली."

मी खाली बसले. "अहो, मी दर आठवड्याला तिथली फरशी धुते. किटल्या उचलते आणि हाताला येतील तशा ठेवते. लग्न झाल्यापासून तशाच ठेवते. तुम्हाला कधी जागा लागलीच नाही, मग मी कशाला बघू कुठली कुठं?"

ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मी उठून गॅरेजमध्ये गेले, हे माझ्यामागं. फरशी मी परवाच धुतली होती आणि दोन्ही किटल्या त्याच दिवशी काठोकाठ भरल्या होत्या. डावीकडच्या किटलीचं झाकण काढलं. चांगलीच खाली गेली होती. मी बोट बुडवलं. दाट. उजवीकडची उघडली, ती काठोकाठ, मी भरली तशीच्या तशी. त्यात बोट बुडवलं, तर थेंब मनगटापर्यंत धावला.

"ओतताना दिसलं नाही तुम्हाला?"

"ह्या उकाड्यात दोन्ही सारखीच ओततात," हे म्हणाले. "आणि अंधार पडत आला होता." मग तेलाच्या पिंपाला टेकून उभे राहिले. "अगं, ती घाटात चाललीय."

एवढ्यावरून मला पूर्ण कळलं नव्हतं. त्यांनी फोडून सांगितलं तेव्हा कळलं. आमच्याकडं पंख्याखाली घाम येतो, पण घाटमाथ्यावर रात्री पाणी गोठतं. तिथला रस्ता अरुंद, म्हणून दुपारी गाड्या फक्त चढतात आणि सकाळी पलीकडं उतरतात. रात्री सगळ्यांना माथ्यावरच्या विश्रामगृहात मुक्काम. चढताना इंजिन गरम, तेल गरम, काही होणार नाही. पण रात्रभर गाडी त्या गारठ्यात उभी राहिली की ते दाट तेल मधासारखं थिजणार. सकाळी ही चावी फिरवणार, उताराची वेळ चुकू नये म्हणून लगेच निघणार, आणि तेल वरपर्यंत पोचायच्या आत टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा तो पंखा, कोरडा फिरणार. कदाचित काही होणार नाही. कदाचित इंजिन उतारावर मधेच बंद पडेल. "आणि इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखे होतात," हे म्हणाले. "स्टिअरिंग जड होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही."

"मग बघता काय? फोन करा."

नंबर मी लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. चूक त्यांची, त्यांनीच सांगावं, असं मला वाटलं. आणि खरं सांगू, तिला नीट समजावणंही त्यांनाच जमलं असतं. बबडीनं लगेच उचलला. आवाज खणखणीत, खुशीत.

"बाबा, पायथ्याच्या पंपावर आहे. आता चढायला सोडतायत. गाडी काय मस्त चाललीय."

हे म्हणाले, "हो का."

"बोला ना."

मी समोर उभी राहून हातवारे करत होते. हे म्हणाले, "पाणी पितेस ना मधेमधे?"

"पितेय."

"आणि काचा वर ठेव. वर गार असतं."

"बरं. बाबा, काही सांगायचं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडं बघितलं. आणि माणसानं तोंडात मिठाची गुळणी धरावी तसे उभे राहिले. मी फोन हिसकावून घेतला, तोपर्यंत तिकडून "सोडलं, सोडलं, ठेवते" ऐकू आलं आणि फोन बंद. पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग ती बाई बोलायला लागली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही. एवढंच सांगते की भांडी घासतानासुद्धा मी इतका आवाज करत नाही. "पोरीपेक्षा बोटांची अब्रू मोठी झाली तुम्हाला?" हे शेवटचं वाक्य होतं. हे खुर्चीवर बसून उजवा हात डाव्या हातानं दाबत राहिले.

विश्रामगृहाचा नंबर मी भोंग्याच्या बायकोकडून आणला. तिथं जुना तारेचा फोन आहे, पण मुक्कामाची माणसं पोचल्याशिवाय तो उचलायला कुणी नसतं. लावला, वाजून वाजून थांबला. वर जाणारी एकच बस, ती सकाळीच सुटून गेलेली. स्वतः गाडी काढून निघावं तर पायथ्याशी पोचेपर्यंत चढाव बंद होणार. संध्याकाळची वाट बघण्यावाचून काही हातात नव्हतं. मी फोन मांडीवर घेऊन घर आणि गॅरेजच्या मधल्या दारात बसले.

त्यातच भोंगा आला. स्वतःचं दार उघडल्यासारखं आमचं दार उघडून, टॅक्सी आत घेत.

"चिमटी, तेल बदल. तुझं ते पाणीच घाल, आता सवय झालीय."

हे उठले. सवयीनं गाडीखाली ताट सरकवलं, जुनं तेल काढलं, बोल्ट बसवला. मग किटल्यांपाशी गेले आणि तिथंच थांबले. झाकणावर हात ठेवला, काढला. दुसऱ्या झाकणावर ठेवला. मी दुपारी दोन्ही उघडून बघितल्या होत्या आणि परत ठेवताना कुठली कुठं ठेवली ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांची पाठ मला दिसत होती. शर्ट घामानं चिकटला होता.

"मुहूर्त बघतोस काय रे?" भोंगा ओरडला.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला सांग, असं ते डोळे म्हणत होते. एका शब्दाचं काम होतं. उजवी, एवढंच म्हणायचं होतं. पण मला तेवढं म्हणवेना. आज मी उजवी म्हणाले असते, तर उद्यापासून रोज खिडकीतून उजवी-डावी करत बसले असते आणि ही मूठ जन्मभर झाकलेली राहिली असती.

"भाऊजी, गाडी आज इथंच राहू द्या," मी म्हटलं. "ह्यांना बरं नाहीये."

"चिमटीला? त्याला काय धाड भरलीय?" भोंगा हसला, पण ह्यांचा चेहरा बघून जरा गप्प झाला. "बरं वहिनी, सकाळी नेतो." आणि चालत समोर घरी गेला.

उन्हं कलल्यावर मी पुन्हा नंबर लावला. ह्यावेळी एका बाईनं उचलला. मागं माणसांचा कलकलाट, भांड्यांचे आवाज. मी लेकीचं वर्णन केलं, छोटी गाडी, जनावरांची डॉक्टर. "आलीय की," बाई म्हणाली. "शेगडीपाशी बसलीय. थांबा, बोलावते." जिवात जीव आला. पण सकाळ अजून व्हायची होती.

मी फोन ह्यांच्यासमोर धरला. "ह्यावेळी बोलला नाहीत, तर मी बोलेन, आणि मग मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही."

हे उभे राहिले. फोन दोन्ही हातांनी धरला, लहान पोरं धरतात तसा.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. बबडे, सकाळी गाडी चालू करू नकोस. काही झालं तरी चावी फिरवू नकोस."

"का?"

"तेल चुकीचं घातलंय. दाट घातलंय."

"कुणी?"

"मी."

तिकडं ती हसलीच. "तुम्ही? काहीतरीच काय."

"बबडे," हे म्हणाले आणि थांबले. मी त्यांच्या दंडाला धरलं. "माझ्या बोटांना कळत नाही गं आता. काहीच कळत नाही. दाट नाही, पातळ नाही, गरम नाही. मी अंदाजानं घालत होतो."

मग ती बोलली, तेव्हा तिचा आवाज लेकीचा नव्हता, डॉक्टरचा होता. कधीपासून, दोन्ही हातांना का, पायांचं काय, जखम आहे का. ह्यांनी शाळेत उभं केल्यासारखी सगळी उत्तरं दिली. मग म्हणाले, "मी उद्याच्या बसनं पातळ तेल घेऊन येतो. पोचलो की ऊन आहे तोवर जुनं काढू, नवं भरू. परवा सकाळी उतर."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नको. आईला पाठवा."

"अगं, तिला काय येतंय?"

"तुम्ही शिकवा. खालचा बोल्ट किती आवळला ते बोटांना कळलं पाहिजे, बाबा. तो सैल राहिला आणि उतारावर गळायला लागला, तर आजच्यापेक्षा वाईट."

ह्यांनी डोळे मिटले. "हो," म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

"आणि बाबा, बाकीच्यांच्या गाड्या?"

ह्यांची नजर भोंग्याच्या टॅक्सीकडं गेली.

"उन्हाळ्यापासून म्हणालात ना. ह्याच घाटातून जातात सगळे. भोंगाकाका तर दर दोन दिवसांनी येतात इथं."

"बघतो," हे म्हणाले. "सगळ्यांचं बघतो." आणि फोन मला दिला. मी तिला पांघरूण नीट घे वगैरे काहीतरी सांगितलं, ते मला आता आठवतही नाही.

मग ह्यांनी मला कामाला लावलं. इतका वेळ मी बोलत होते, आता ते बोलायला लागले, आणि शिकवताना हा माणूस मला कधी नव्हे तो मऊ वाटला. भोंग्याच्या टॅक्सीखालीच सतरंजी टाकून मला निजवलं. पाना माझ्या हातात दिला, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला. "आधी बोटांनीच फिरव. आटे सरळ बसले की आपोआप सरकतं. अडलं तर जबरदस्ती नाही, मागं घे. आता पाना लाव. लागला टेकू? आता इथून एवढंच. बास. ह्यापुढं गेलीस तर आटे खाशील." मी सोडला आणि पुन्हा बसवला. पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी हे विचारायचे, "काय लागतंय बोटाला?" मी सांगायचे, खरखर लागते, आता गुळगुळीत झालं, आता घट्ट. हे कान देऊन ऐकायचे. मी सांगतेय त्यातून त्यांची बोटं पुन्हा ऐकू येतात की काय असं वाटावं, इतकं लक्ष देऊन. दुपारचा माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. गाडीखाली पडल्यापडल्या माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. हात तेलानं बरबटलेले, पुसताही येईना.

शेवटी हे म्हणाले, "जमलं तुला." आणि उठून चपला घालायला लागले.

"कुठं निघालात?"

"भोंग्याकडं. मग पुढं बाकीच्यांकडं."

"भाऊजींची गाडी तर इथंच आहे. सकाळी सांगा की. मी पण असेन."

"तू उद्या बसमध्ये असशील," हे म्हणाले. "आणि हे माझं मलाच सांगायला पाहिजे."

मी गाडीखालून बाहेर येऊन दारापर्यंत गेले. हे रस्ता ओलांडून गेले, नेहमीपेक्षा सावकाश. भोंग्यानं दार उघडलं. आतला उजेड ह्यांच्या अंगावर पडला. हे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, फक्त दिसलं, की त्यांनी उजवा हात पुढं केला आणि पंजा उघडून दाखवला. भोंग्याचं हसणं मात्र सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. त्याला वाटलं, चिमटी गंमत करतोय. हे तसेच हात पसरून उभे राहिले. मग त्याचं हसणं थांबलं.